कुरणातील तण : एक संज्ञा आणि एक वनस्पती

शेतातील तण म्हणजे काय, हे मराठी वाचकास समजावून सांगावे लागत नाही. ज्वारीच्या तासांत हरळी आणि लव्हाळा माजला म्हणजे खुरपे हाती घ्यावे लागते, हे शेतीशी दूरचाच संबंध उरलेल्या घरांतही ठाऊक असते. परंतु ज्या जमिनीत पीकच मुळी गवताचे आहे, त्या जमिनीत तण कशास म्हणावे? 'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' या शब्दापासून आला. पालीत त्याचेच 'तिण' झाले. म्हणजे व्युत्पत्तीने पाहू गेल्यास तण म्हणजे गवतच. नांगरणाऱ्याच्या शेतात गवत नकोसे असते, म्हणून गवताचा वाचक शब्द हळूहळू 'नकोशी वनस्पती' या अर्थाकडे झुकला. कुरणात मात्र हा न्याय उलटतो. तेथे हरळी ही उत्तम वैरण ठरते आणि गवत नसलेली एखादी रुंद पानांची वनस्पती तण ठरते. 'कुरणातील तण' हा शब्दप्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने जवळजवळ वदतोव्याघात आहे.

ही केवळ शब्दांची गंमत असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तण हे वनस्पतीच्या जातीचे नाव नसून माणसाच्या अपेक्षेशी असलेल्या तिच्या संबंधाचे नाव आहे, ही गोष्ट ज्या शेतीत तणनाशक वापरता येत नाही तेथे प्रत्यक्ष व्यवहारात उतरते. तणनाशक हाती असले म्हणजे संज्ञेची चिकित्सा न करता काम भागते. रुंद पानांचे ते मारावे आणि अरुंद पानांचे राखावे, एवढा भेद पुरतो. ते साधन नसेल तेव्हा मात्र ही वनस्पती येथे का आली, तिला कोणी आणले, ती किती असली म्हणजे तण म्हणावयाची, हे प्रश्न टाळता येत नाहीत. युरोपातील सेंद्रिय दुग्धशेतीत हे प्रश्न सर्वांत तीव्रतेने ज्या वनस्पतीमुळे उभे राहिले, तिच्या आधारे त्यांचा विचार करण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम संज्ञेचा थोडा अधिक मागोवा घेऊ. जर्मन भाषेत तणास 'उनक्राउट' म्हणतात. 'क्राउट' म्हणजे वनौषधी किंवा पालेभाजी, आणि 'उन' हा आपल्या 'अ-' किंवा 'अन्-' सारखा नकारवाचक उपसर्ग. फ्रेंच भाषेत सरळ 'वाईट गवत' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. म्हणजे जर्मन शब्द त्या वनस्पतीचे वनस्पतीपणच नाकारतो, फ्रेंच शब्द तिच्या चारित्र्यावर शेरा मारतो, आणि मराठी शब्द तिला गवत म्हणूनच ओळखतो. जर्मनभाषक सेंद्रिय शेतकऱ्यांत 'उनक्राउट' हा शब्द टाळून 'बायक्राउट', म्हणजे पिकासोबतची वनस्पती, असा सौम्य शब्द योजण्याची प्रथा आहे. या शब्दामागील भूमिका समजण्यासारखी आहे. तथापि नाव सौम्य केल्याने बियांची संख्या कमी होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

कायद्याने मात्र नावांचा प्रश्न आपल्यापुरता सोडविला आहे. ब्रिटनमधील १९५९ च्या तणविषयक कायद्यात पाच वनस्पती 'अपायकारक तणे' म्हणून नावानिशी दिल्या आहेत : दोन काटेरी थिसल, दोन डॉक आणि एक रॅगवर्ट. हा कायदा ही पाच तणे समूळ नष्ट करा असे सांगत नाही. त्यांचा प्रसार रोखण्याची लेखी सूचना जमीन धारण करणाऱ्यास देण्याचा अधिकार तो शासनास देतो. पाचही वनस्पती कुरणात आढळणाऱ्या आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. परंतु एका यादीत बसविल्यामुळे त्या एका प्रकारच्या आहेत असा समज झाल्यास तो घातक ठरेल.

रॅगवर्ट विषारी आहे. तिच्यातील अल्कलॉइडे गुरांच्या यकृतास इजा करतात आणि ती इजा साचत जाते. उभी वनस्पती कडू लागत असल्याने गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. पण ती वाळलेल्या वैरणीत मिसळली गेली की कडूपणा ओसरतो आणि विष तसेच राहते. अशा वनस्पतीबाबत 'किती असली तर चालेल' हा प्रश्नच गैरलागू. हातमोजे घालून ती मुळासकट उपटावी आणि कुरणाबाहेर न्यावी, हेच योग्य. सरपटत पसरणारा थिसल विषारी नाही, काटेरी आहे. गुरे त्याच्या अवतीभवतीचे गवतही सोडून देतात. त्याची मुळे आडवी धावतात आणि मुळाच्या लहानशा तुकड्यातूनही नवा कोंब फुटतो, म्हणून तो खणून काढू पाहणारा त्याची लागवडच करतो. त्यास वारंवार कापून, आणि तेही मुळांतील साठा खालावलेला असताना म्हणजे कळ्या धरण्याच्या सुमारास कापून, थकवावे लागते. डॉकची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. त्यास कापल्याने फारसे काही होत नाही. तो खणूनच काढावा लागतो. एकाच यादीतील दोन शेजाऱ्यांस परस्परविरुद्ध उपाय लागू पडतात, आणि 'तण' हा शब्द हा भेद झाकून टाकतो.

आता डॉककडे वळू. रुंद पानांच्या या वनस्पतीचे शास्त्रीय नाव रुमेक्स ऑब्ट्युसिफोलियस. मराठीत तिला रूढ नाव नाही, कारण ती आपल्याकडील नव्हे. पण तिचे भावंड आपल्या स्वयंपाकघरात आहे. आंबट चुका म्हणून जी पालेभाजी आपण खातो ती रुमेक्स व्हेसिकेरियस, म्हणजे याच प्रजातीतील. 'चुका' हा शब्द संस्कृत 'चुक्र' म्हणजे आंबट यापासून आला. 'चूक' या शब्दाशी त्याचा संबंध नाही. जर्मन भाषेत या वनस्पतींना 'आम्पफर' म्हणतात, आणि व्युत्पत्तिशास्त्रज्ञ हा शब्द संस्कृत 'अम्ल' या शब्दाशी जोडतात. दोन दूरच्या भाषांनी एका वनस्पतीकुळास तिच्या चवीवरूनच नाव द्यावे, यात आश्चर्य नाही. पानांतील ऑक्झॅलिक आम्ल दोन्हीकडे सारखेच जिभेला लागते. स्वित्झर्लंडमधील शेतकरी मात्र चव सोडून पानाचा आकार पाहतो आणि त्यास 'ब्लाके' म्हणतो. प्रस्तुत लेखात सोयीसाठी 'डॉक' हेच नाव ठेवले आहे.

डॉकचे बळ तीन गोष्टींत आहे : बी, मूळ आणि संधी ओळखण्याची त्याची रीत.

बियांविषयी कॅव्हर्स आणि हार्पर यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेले वर्णन आजही आधारभूत मानले जाते. एक पूर्ण वाढलेले झाड वर्षास ६०,००० पर्यंत बिया देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, सरासरी नव्हे; तरीही हिशेब करून पाहण्याजोगा आहे. दर दहा चौरस मीटरला एक झाड, म्हणजे हेक्टरी एक हजार झाडे धरली, आणि ती सर्व पूर्ण भरात बियांवर येऊ दिली, तर एका वर्षात सहा कोटी बिया, म्हणजे दर चौरस मीटरला सहा हजार बिया जमिनीत पडू शकतात. दुरून पाहणाऱ्यास ज्या कुरणात डॉक तुरळक वाटेल, त्या कुरणाचा हा हिशेब आहे. या बिया किती काळ टिकतात याचा एक प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतील मिशिगन येथे आहे. विल्यम बील यांनी १८७९ साली एकवीस जातींच्या बिया वीस बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवल्या आणि ठरावीक वर्षांनी एक एक बाटली उघडण्याची व्यवस्था केली. डॉकच्या जवळच्या नात्यातील, कुरळ्या पानांच्या जातीच्या काही बिया ऐंशी वर्षांनी, म्हणजे १९६० साली काढलेल्या बाटलीतूनही उगवल्या. ज्या शेतकऱ्याने एकदा बी पडू दिले, त्याने ते आपल्या नातवासाठी पडू दिले असे म्हणण्यास हरकत नाही.

मात्र जमिनीतील बी आपण होऊन उगवत नाही, आणि येथेच सेंद्रिय शेतकऱ्यास आशेला जागा आहे. डॉकच्या बीला उगवण्यासाठी प्रकाश लागतो, आणि दिवसरात्रीच्या तपमानातील चढउतार तिला उत्तेजन देतो. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या प्रकाशात तांबडा भाग कमी आणि त्यापलीकडचा दूर-तांबडा भाग अधिक असतो; हे प्रमाण बीला कळते आणि ती निद्रिस्त राहते. दाट गवताखालची जमीन अंधारी असते व तिचे तपमानही फारसे हालत नाही. उघड्या पडलेल्या जमिनीवर याच्या उलट स्थिती असते. म्हणजे बी जणू एकच गोष्ट तपासून पाहते : वर कोणी आहे की नाही? शिवाय उगवलेले रोप पहिले काही आठवडे अगदी दुबळे असते. शेजारी जोमदार गवत असेल तर ते बहुधा तग धरीत नाही. एकदा मूळ खोल गेले की मात्र गवत त्याचे काही करू शकत नाही.

मुळाचे वर्तनही समजून घेतले पाहिजे. डॉकचे सोटमूळ खोल जाते, त्यात अन्नाचा साठा असतो, आणि म्हणूनच वरचा पाला कितीदाही कापला तरी तो पुन्हा फुटतो. परंतु नवे कोंब धरण्याची शक्ती संपूर्ण मुळात नसते. ती जमिनीलगतच्या मानेच्या भागात, म्हणजे जमिनीखालील खोड आणि मुळाचा अगदी वरचा भाग एवढ्यातच एकवटलेली असते. म्हणून मूळ शेवटपर्यंत काढण्याची गरज नाही. सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतचा भाग निघाला, तर उरलेले मूळ बहुधा कुजून जाते. उलट नांगराने किंवा फिरत्या पात्यांच्या यंत्राने हा मानेचा भाग तुकडे तुकडे करून पसरला, तर प्रत्येक तुकड्याचे झाड होऊ शकते.

एवढे समजल्यावर पुढचा प्रश्न असा की उघडी जमीन निर्माण कोण करतो? याचे उत्तर कित्येकदा दुग्धशेतीस अवघड वाटणारे असते : गायी, आणि त्यांचा मालक. पावसात भिजलेल्या कुरणात गायी सोडल्या की खुरांनी जमीन चिखलते. फाटकापाशी, पाण्याच्या टाकीभोवती आणि सावलीच्या जागी गवत तुडवून नाहीसे होते. वैरणीसाठी गवत फार खालून कापले, जड यंत्रे ओल्या मातीवर फिरविली, उंदरा-चिचुंद्र्यांनी उकरलेली माती तशीच राहू दिली, तर जागोजागी टक्कल पडते. अशा जागी जमिनीतील जुने बी जागे होते. त्यात भर पडते ती शेणाची. गायीने खाल्लेल्या डॉकच्या बियांतील पुष्कळशा तिच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात. शेण आणि मूत्र यांच्या पातळ काल्यातही त्या काही आठवडे टिकतात. तो काला कुरणावर फवारला म्हणजे बी आणि नत्र दोन्ही एकाच वेळी पोचते होतात. डॉक नत्राचा भोक्ता आहे. गोठा, शेणकाला, कुरण आणि पुन्हा गोठा, अशा वर्तुळात तो फिरत राहतो. बाहेरून फारसे काही विकत न आणता आपल्याच शेतातील पोषक द्रव्ये फिरती ठेवावीत हे सेंद्रिय शेतीचे तत्त्व. डॉकने त्या तत्त्वाचा आपल्यापरीने उत्तम उपयोग करून घेतला आहे.

म्हणून या तणाच्या व्यवस्थापनाचा आरंभ कुरणात नसून गोठ्यात होतो, असे माझे मत आहे. युरोपीय संघाचा सेंद्रिय उत्पादनविषयक विनियम २०१८/८४८ हा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार शेणखताद्वारे जमिनीस दिले जाणारे नत्र वर्षाला हेक्टरी १७० किलोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ही मर्यादा तणासाठी घातलेली नाही, पण जनावरांची संख्या जमिनीच्या मानाने राखली तर जमीन चिखलणे आणि नत्राचा अतिरेक हे दोन्ही आटोक्यात येतात. परंतु मर्यादेच्या आत राहूनही सर्व काला घराजवळच्या, सोयीच्या दोन शेतांतच ओतला जातो, असे होऊ शकते. मग दूरची कुरणे उपाशी राहतात आणि जवळची डॉकने भरतात. कायद्याचा हिशेब संपूर्ण शेतीचा असतो, डॉकचा हिशेब शेताशेताचा असतो.

वर्तुळ तोडण्याची दुसरी जागा म्हणजे उष्णता. चांगल्या दाबून केलेल्या मुरघासात बियांची उगवणशक्ती पुष्कळ घटते. नीट रचलेल्या आणि परतलेल्या खताच्या ढिगात तर ती संपतेच, कारण ढिगाच्या गाभ्यातील तपमान ६० अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. येथे आपल्या परिसराचा एक धागा या विषयात गुंफलेला आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदूर येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते. तेथे सिद्ध झालेली खत करण्याची रीत 'इंदूर पद्धती' या नावाने जगभर गेली. १९३१ साली या पद्धतीवर जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत डी. वाड यांचे नाव आहे. पुढील काळात हॉवर्ड यांचे नाव राहिले आणि वाड यांचे मागे पडले, ही खेदाची गोष्ट होय. या पद्धतीत शेण, मूत्राने भिजलेली माती, राख आणि शेतातील काडीकचरा यांचे थर देऊन ढीग ठरावीक काळाने परतला जातो. परतण्याचा हेतू हवा खेळविण्याचा खरा. पण त्यामुळेच बाहेरच्या थंड थरातील बी आतील उष्ण थरात जाते. ढीग एकदाच रचून सोडून दिला तर बाहेरचे बी जिवंत राहते. युरोपातील आजच्या पुष्कळ दुग्धशाळांत मात्र गुरांखाली पेंढा नसतो. त्यामुळे तेथे शेणखताचा ढीग न होता पातळ काला होतो, आणि काला तापत नाही. गोठ्याची रचना बदलली आणि तणाला मार्ग मिळाला, असा हा संबंध आहे.

जी झाडे आधीच रुजली आहेत त्यांचे काय करावयाचे? तेथे खणण्यास पर्याय नाही, निदान स्वस्त पर्याय नाही. स्वित्झर्लंडमध्ये यासाठी एक खास हत्यार असते. त्यास 'ब्लाकेनआयझेन', म्हणजे ब्लाकेंचे लोखंड, म्हणतात. लांब दांड्याच्या टोकाशी असलेले लोखंडी दाते मुळाशेजारी पायाने दाबून रोवावयाचे आणि दांडा मागे ओढून मूळ उचकटावयाचे, अशी त्याची रीत. जमीन ओली पण चिखल नसलेली असावी. झाड फुलण्यापूर्वीचे असावे. आणि निघालेले मूळ तेथेच टाकू नये, कारण ते पुन्हा रुजते. फुलांचा दांडा आलेला असेल तर तोही उचलून न्यावा. कापून पडलेल्या दांड्यावरही बी पक्व होऊ शकते. एका झाडास एक मिनिट धरले, तर हेक्टरी हजार झाडांस सुमारे सतरा तास लागतील. दर चौरस मीटरला एक झाड असेल, तर हेक्टरी दहा हजार झाडे, म्हणजे दिवसाला आठ तासांप्रमाणे एकवीस दिवस. आणि हे झाले एका हेक्टरचे. पहिले काम एक कुटुंब करू शकते. दुसरे काम पाहून शेतकरी हात टेकतो. सेंद्रिय पद्धतीकडे वळण्यास कचरणाऱ्या युरोपीय दुग्धोत्पादकांच्या मनातील भीतींत डॉकची भीती वरच्या क्रमांकाची असते, तिचे कारण या दोन आकड्यांमधील अंतरात आहे. हजारावर असताना जो हात हलवितो त्याची शेती राहते. दहा हजारांची वाट पाहणाऱ्यास पुढे कुरण नांगरून टाकण्याखेरीज मार्ग उरत नाही, आणि डोंगरउतारावरील कायमच्या कुरणात तोही नसतो.

श्रम वाचविण्याचे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. स्वित्झर्लंडमधील अ‍ॅग्रोस्कोप या संशोधनसंस्थेच्या तैनिकोन येथील केंद्रात सूक्ष्मलहरींनी मूळ भाजून पाहिले. त्यास ऊर्जा फारच लागली. त्यानंतर ८० अंशांहून अधिक तापलेले पाणी दाबाने मुळाच्या मानेभोवती सोडण्याची रीत तेथे सिद्ध झाली. ती परिणामकारक आहे आणि पाठीचे कष्ट वाचविते. परंतु झाडामागे सुमारे दोन लिटर पाणी धरले तरी हजार झाडांस दोन हजार लिटर गरम पाणी शेतात न्यावे लागते, आणि ते तापविण्यास इंधन जळतेच. यंत्र अनेकांनी मिळून घ्यावे, अशा जातीचा हा उपाय आहे.

कीटकांचा मार्ग ऐकावयास अधिक मोहक आहे. हिरव्या चमकदार रंगाचा एक लहान भुंगेरा, गॅस्ट्रोफायसा व्हिरिड्युला, डॉकची पाने जाळीसारखी करून टाकतो. तो युरोपात आपोआप आढळतो आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण मुळातील साठा शाबूत असल्याने झाड मरत नाही. मुळे पोखरणाऱ्या पतंगाच्या अळ्यांवर अधिक भरवसा ठेवण्यात आला. मोरोक्कोतून आणलेला असा एक पतंग १९८९ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात सोडण्यात आला आणि तेथे तो उपयुक्त ठरला. त्याच्या जवळच्या जातींचे प्रयोग युरोपातील कुरणांत झाले, तेव्हा अळ्या मुळांत शिरल्या, पण डॉकची संख्या अपेक्षेप्रमाणे घटली नाही. ऑस्ट्रेलियात डॉक परका होता, युरोपात तो घरचा आहे आणि आपल्या शत्रूंसह नांदत आला आहे; हा फरक दृष्टीआड करून चालणार नाही.

यांपेक्षा साधे दोन उपाय मला अधिक विश्वासार्ह वाटतात. गायींच्या मागोमाग मेंढ्या सोडल्या तर त्या डॉकचा कोवळा पाला गायींपेक्षा आवडीने खातात, आणि बी धरण्याची संधी कमी होते. दुसरा उपाय म्हणजे टक्कल पडलेल्या जागी त्याच हंगामात जोमदार रायगवताचे बी टाकणे. मूठभर बियांचे हे काम इतके क्षुल्लक वाटते की ते राहून जाते. डॉक खणून काढल्यावर जो खड्डा उरतो तोही टक्कलच असतो. त्यात गवताचे बी टाकले नाही, तर खणणाऱ्याने डॉकच्या पुढच्या पिढीसाठी जागा तयार करून ठेवली असे होते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे थोडे परतणे आवश्यक आहे. डॉक तण केव्हा? एखाददुसरे झाड असलेल्या कुरणाचे दूध कमी होत नाही. उलट सेंद्रिय कुरणात नत्रासाठी क्लोव्हर हे द्विदल पीक मुद्दाम वाढवावे लागते, आणि ते भरपूर खाल्ले की गायीस पोटफुगी होण्याचा धोका असतो. डॉकच्या पानांतील टॅनिन हा फेस मोडते. न्यूझीलंडमध्ये वॅगहॉर्न आणि जोन्स यांनी १९८९ साली या दृष्टीने डॉकचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या इंग्लंडमध्ये डॉकची रुंद पाने लोणी गुंडाळण्यास वापरीत, म्हणून 'लोण्याचा डॉक' असे त्याचे एक नावच होते. आल्प्समध्ये त्याचा डोंगरी भाऊबंद, रुमेक्स अल्पायनस, उन्हाळी गोठ्यांभोवती मुद्दाम राखीत. त्याची पाने उकडून खड्ड्यांत दाबून ठेवीत आणि हिवाळ्यात डुकरांस घालीत. ती चाल मोडली. वनस्पती तेथेच, तशीच वाढत राहिली, आणि तण ठरली. तिच्यात काहीही बदलले नव्हते. बदलले ते माणसाच्या जेवणाचे आणि कष्टाचे गणित.

महाराष्ट्रात डॉकचा प्रश्न नाही, आणि युरोपातील उपाय येथे जसेच्या तसे आणणे हास्यास्पद होईल. येथील गायरानांतील आणि पडीक जमिनींतील मोठा प्रश्न गाजर गवताचा आहे. त्याची भारतातील पहिली नोंद १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास पुण्याची आहे. या नावातही गवत आहे, पण ते गवत नव्हे. गाजराशीही त्याचा पानाच्या आकारापलीकडे संबंध नाही. ते सूर्यफुलाच्या कुळातील आहे. गुरे ते सहसा टाळतात, पण वैरणीत मिसळून पोटात गेले तर दुधास कडवट चव येते, म्हणून दुग्धोत्पादकास ते रॅगवर्टच्या पंक्तीला बसविणे भाग आहे. त्यावर सोडण्यासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा १९८४ पासून भारतात आहे. तो पावसाळ्यात पाने खातो आणि कोरड्या दिवसांत जमिनीत दडून राहतो. डॉकप्रमाणे गाजर गवतही उघड्या, तुडविलेल्या जमिनीवर वाढते. तेवढे साम्य उपयोगी आहे. परंतु त्यास साठा करणारे मूळ नाही. त्याच्या बाबतीत किती खोल खणले यास महत्त्व नाही, फुलण्यापूर्वी उपटले की नाही यास आहे; आणि चांगल्या पावसात उगवणीपासून फुलापर्यंत त्यास चार ते सहा आठवडे पुरतात.